‘सोडवलेली’ जमीन आणि कागदावर नसलेलं कर्ज : करमाळ्यातून दिसणारा सावकारीच्या नोंदणीचा इतिहास

मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. अनौपचारिक धंद्यांना नोंदणीखाली आणलं की नेमकं काय होतं, आणि हे इतिहासात कसं शोधायचं? आज त्यावर बोलू. सुरुवात माझ्या घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून करतो, कारण माझा हा टॉपिक खरं तर तिथंच सुरू झाला.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, जिरायत. पेटीत आजोबांच्या नावाची दोन खरेदीखतं आहेत. पहिलं १९७३ सालचं. त्यात आजोबांनी तीन एकर जमीन गावातल्या एका दुकानदाराला ‘कायम खूष खरेदी’ दिली आहे. दुसरं १९७९ सालचं. त्यात त्याच दुकानदाराकडून आजोबांनी त्याच गटातली दोन एकर विकत घेतली आहे. दोन्ही कागद स्टँपवर, रजिस्टर केलेले, सह्या-अंगठे जागच्या जागी. वकिलाला दाखवले तर तो म्हणेल, दोन स्वच्छ व्यवहार आहेत.

आजीला विचारलं तर ती म्हणायची, “बहात्तरच्या दुष्काळात जमीन गहाण टाकली व्हती. दोन एकर सोडवली, एक ऱ्हायली.”

या ‘सोडवली’ शब्दावर मी बरेच दिवस अडकलो होतो. विकलेली वस्तू परत ‘विकत घेतात’, ‘सोडवत’ नाहीत. सोडवायचं असतं ते गहाण. म्हणजे घराच्या बोलीत हे कर्ज होतं आणि सरकारच्या दप्तरात ते दोन वेळा झालेलं खरेदी-विक्रीचं काम होतं. ‘कर्ज’, ‘व्याज’, ‘मुद्दल’ यातला एकही शब्द दोन्ही कागदांत नाही. मधल्या सहा वर्षांत ती जमीन आजोबाच कसत होते, वाट्याने. अर्धं धान्य दुकानदाराकडं जायचं. ते व्याज होतं, पण त्यालाही तसं नाव कुठं नव्हतं.

मग कर्ज कागदावरून गेलं कुठं? याचं उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

आधी एक शब्द नीट करून घेऊ

‘असंघटित’ आणि ‘अनौपचारिक’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. ‘अनौपचारिक’ या कल्पनेला अभ्यासात जागा मिळाली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. कीथ हार्ट यांनी घानातल्या अक्रा शहरातल्या कमाईच्या वाटांवर लिहिलं आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा केनियावरचा अहवाल आला. त्यानंतर पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांनी १९८६ मध्ये मांडलं की, लोक नोंदणीबाहेर राहतात कारण नोंदणी फार महाग आणि किचकट असते. लिमामध्ये एक छोटा शिवणकारखाना रीतसर नोंदवायचा प्रयोग त्यांच्या चमूने केला, त्याला २८९ दिवस लागले. या मांडणीतून धोरणाचा एक सोपा सल्ला निघाला: नोंदणी स्वस्त करा, सोपी करा, म्हणजे धंदे आपोआप आत येतील आणि वाढतील.

हा सल्ला तपासून पाहिला गेला आहे. श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी छोट्या धंद्यांवर प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती माहिती दिली आणि नोंदणीचा खर्च भरून दिला, तर जवळजवळ कुणीच नोंदणी केली नाही. वर अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केली तेव्हा साधारण पाचवा हिस्सा धंदे आले. दोन महिन्यांच्या नफ्याएवढी रक्कम दिली तेव्हा निम्मे आले. पुढे काही मोजके धंदे चांगले वाढले, बहुतेकांच्या नफ्यात मोठा फरक दिसला नाही. म्हणजे नोंदणी न करणारा माणूस अडाणी नसतो. तो हिशेब करूनच बाहेर थांबलेला असतो.

आता असा प्रयोग आपण इतिहासात करू शकत नाही. पण आपल्याकडं एक धंदा असा आहे की ज्याला सरकारने दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा नोंदणीच्या चौकटीत बसवायचा प्रयत्न केला. तो म्हणजे सावकारी. आणि त्या प्रयत्नांच्या अगदी वाटेवर करमाळा येतो.

नदीपलीकडचं इंदापूर, रस्त्यावरचं मिरजगाव

नकाशा समोर घ्या. करमाळा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधे आहे. भीमेच्या पलीकडं इंदापूर. तिथं १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी रयतवारी जमीनमोजणीची नवी पद्धत बसवली, ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. करमाळ्याहून नगरकडं निघालं की वाटेत कर्जत तालुक्यातलं मिरजगाव लागतं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात दख्खनच्या दंग्यांच्या प्रकरणात मिरजगावच्या रयतेचा नगरच्या कलेक्टरला दिलेला अर्ज आहे.

त्या अर्जातली तक्रार नीट वाचा. व्याज जास्त आहे एवढंच रयत म्हणत नाही. उधारीवर धान्य-कापड घेतलं की रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त भाव लावतात, हे एक. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: शेतातला माल सावकार उचलून नेतो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण जमा करत नाही आणि पावतीही देत नाही. म्हणजे १८७५ च्या आसपास मिरजगावचा शेतकरी कागद मागत होता!

आपल्याला वाटतं की नोंदणी ही वरून येते आणि खालचे लोक तिला टाळतात. इथं उलट दिसतं. मग १२ मे १८७५ ला सुपे गावी जे सुरू झालं आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं, त्यात लोकांनी कर्जरोखे आणि वह्या का जाळल्या? कारण कागद होते, पण एकाच बाजूचे. कर्जाचा रोखा लिहिला जायचा, फेडीची पावती लिहिली जात नव्हती.

हे एकतर्फी कागद आले कुठून? त्यातला मोठा भाग सरकारच्या नियमांतूनच आला. जुन्या चालीत ‘दामदुपट’ होतं, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. आणि वसुलीसाठी सावकाराला गावाच्या भिडेत राहावं लागायचं. इंग्रजी कोर्टं आल्यावर सही-अंगठ्याचा रोखा हाच पुरावा झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता, व्याज साचत राहू नये. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि साचलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल व्हायचं. असं केलं की दामदुपटही निकामी होतं, कारण कागदावर मुद्दलच वाढलेलं असतं. फेड जमली नाही की शेतकरी गाडी-बैल सावकाराला लिहून द्यायचा आणि स्वतःचेच बैल भाड्याने घ्यायचा. त्याचं भाडेपत्रही रीतसर व्हायचं.

हा भाग वाचताना मला आजोबांची वाट्याने कसलेली जमीन आठवली. शंभर वर्षांच्या अंतराने कागदाचं नाव बदललं होतं, रीत तीच होती.

१८७९ : कर्जाला रीतसर करायचा पहिला मोठा प्रयत्न

दंगे झाले, चौकशी आयोग बसला. मग १८७६-७७ चा दुष्काळ पडला, त्यात सोलापूर जिल्हा होरपळला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी चारच जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, सोलापूर, नगर. करमाळ्यात दंगे झाले नसले तरी कायदा इथं आला.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा अनौपचारिक धंद्याला औपचारिक करण्याचा पूर्ण कार्यक्रम होता. शेतकऱ्याने दस्त करायचा तर तो गावच्या रजिस्ट्रारसमोर. शेतकऱ्याने मागितली तर लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक द्यायचं. दाव्याआधी सलोखा अधिकाऱ्याकडं जायचं. कोर्टाने रोख्यावर विसंबायचं नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपासून हिशेब काढायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं करायचं, चक्रवाढ धरायची नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल तर साध्या कर्जासाठी तिचा लिलाव करायचा नाही. या कायद्याखाली खास न्यायाधीश नेमले गेले, पुढे न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनीही ते काम पाहिलं.

बघा, मिरजगावच्या अर्जातली पावती इथं कायद्यात आली. हे यश छोटं नाही. ज्याची फेड कुणी मोजत नव्हतं त्याला कोर्टात ‘सुरुवातीपासून हिशेब काढा’ म्हणायचा हक्क मिळाला.

पण सावकाराच्या बाजूने विचार करा. रोखा केला तर कोर्ट तो उकलणार. साधं कर्ज दिलं तर जमीन हाताला लागणार नाही. गहाण केलं तर हिशेब काढणार. मग असा कोणता कागद आहे ज्यात कर्जच नाही, म्हणजे हिशेबाचा प्रश्नच येत नाही? खरेदीखत. ‘फेडलंस की परत लिहून देतो’ ही बोली तोंडी. पुराव्याचा १८७२ चा कायदा असा होता की लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. म्हणजे कर्ज खरेदीच्या कागदात शिरलं की ते कोर्टाला दिसतच नाही.

सरकारच्याही हे लक्षात आलं. पुढे कायद्यात दहा-अ हे कलम घातलं गेलं. शेतकरी पक्षकार असेल तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, व्यवहाराचं खरं स्वरूप काय ते तोंडी पुराव्यानेही ठरवता येईल, असं त्यात होतं. कायद्यात असं कलम घालावं लागतं याचाच अर्थ ती पळवाट केवढी रूढ झाली होती! दप्तरात जे थेट सापडत नाही, ते कधी कधी कायद्याच्या दुरुस्तीतून असं कळतं. हे लक्षात ठेवा.

परवाना आला, कोर्ट गेलं

दुसरा मोठा टप्पा १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याचा, अंमल १९४७ पासून. आता कर्जाच्या दस्ताबरोबर धंद्याचीच नोंदणी होती: परवाना घ्या, ठरलेल्या नमुन्यात वह्या ठेवा, कर्जदाराला हिशेब द्या, व्याजाची मर्यादा पाळा. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देणार नाही.

हे शेवटचं कलम नीट समजून घ्या, कारण माझ्या आजोबांचा कागद त्यातून निघतो. बिनपरवाना सावकार कोर्टात जाऊ शकत नाही, म्हणून तो धंदा बंद करतो, असं कायद्याने धरलं होतं. गावातल्या दुकानदाराने दुसरा मार्ग काढला. कोर्टात जावंच लागणार नाही असं तारण आधीच हातात ठेवायचं. जमीन आधीच नावावर करून घेतली असेल तर वसुलीसाठी दाव्याची गरज काय? उलट आता आमच्या आजोबांनाच जमीन परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली असती, तीही स्वतःच सही केलेल्या कागदाविरुद्ध. ते चढले नाहीत. सहा वर्षांत जमेल तसं फेडलं, दोन एकर ‘सोडवली’, आणि एक एकराचा विषय घरात बंद झाला.

मग आजोबा परवानाधारक सावकाराकडं किंवा सोसायटीकडं का गेले नाहीत? सहकारी पतसंस्थांचा कायदा तर १९०४ सालचा. पण रिझर्व्ह बँकेने केलेल्या १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे आकडे बघा. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, सावकारांचा जवळपास ७० टक्के. म्हणजे परवान्याचा कायदा आला तेव्हा दुसरं दार फक्त किलकिलं होतं. त्यानंतर सहकार वाढला हे खरं, पण दुष्काळात घर चालवायला, आजारपणाला, लग्नाला सोसायटी पैसे देत नव्हती. ती पिकाला देत होती, आणि १९७२ ला पीकच नव्हतं.

याच तालुक्यात उलट चित्रही दिसतं. १९८० नंतर उजनीचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस आला, पुढे केळी आली. ऊस कारखान्याला जातो आणि सोसायटीच्या कर्जाची वसुली उसाच्या बिलातूनच वळती होते. तिथं बँकेला शेतकऱ्याकडून जमीन लिहून घ्यावी लागत नाही, कारण पैसा येण्याची वाटच नोंदलेली आहे. माझ्या कामातला मुख्य मुद्दा हाच आहे. सावकारावर बंधनं घातल्याने कर्जाचं रूप बदललं. कर्जदाराला पाणी, खात्रीचं पीक आणि दुसरं दार मिळालं तिथं सावकाराची गरजच कमी झाली. करमाळ्याच्या भीमाकाठची आणि जिरायत पट्ट्यातली गावं शेजारी ठेवून हे तपासायचं, अशी माझी योजना आहे.

२०१४ : जुना प्रश्न नव्या कायद्यात

महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ मध्ये आला. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अवैध सावकारीतून जमीन हडपली असेल तर सहकार खात्याचा जिल्हा निबंधक चौकशी करून ते खरेदीखत रद्दबातल ठरवू शकतो आणि जमीन परत द्यायला लावू शकतो. म्हणजे जुन्या दहा-अ कलमाचाच विचार पुन्हा आला. या कलमाखाली जमिनी परत मिळालेले शेतकरी राज्यात आहेत, ते विसरून चालणार नाही.

पण नोंदणीची दुसरी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. २०१५ मध्ये सरकारने सावकारी कर्ज माफ करायचं ठरवलं. माफी कुणाला? विदर्भ-मराठवाड्यातल्या, आणि परवानाधारक सावकाराकडून कर्ज घेतलेल्या शेतकऱ्यांना. परवानाधारक सावकाराने आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेल्या कर्जांचाही घोळ झाला. जो सगळ्यात अडचणीत होता, म्हणजे बिनपरवाना सावकाराच्या दारात गेलेला, त्याचं कर्ज सरकारी यादीत बसतच नव्हतं. सरकारचा लाभ कागदावर चालतो आणि गरजवंताकडं नेमका तोच कागद नसतो.

तुमच्या रिसर्चसाठी यातून काय घ्यायचं

एक, नोंदणीचा आकडा हा परिणाम नसतो. आज उद्यम पोर्टलवर (१ जुलै २०२० पासून) घरबसल्या, फुकट नोंदणी होते. किती नोंदी झाल्या हे लगेच सांगता येतं. त्या धंद्याचं कर्ज, मजुरी, भाव यात काय बदललं हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रपोजल लिहिताना ‘नोंदणी वाढली’ आणि ‘स्थिती सुधारली’ ही दोन वेगळी वाक्यं ठेवा.

दोन, कायदा जे विचारतो तेच कागद सांगतो. म्हणून एकटा कागद वाचू नका, जोडी शोधा. तेच दोन पक्षकार, तोच गट, काही वर्षांनी उलटी खरेदी, बाजारभावाशी न जुळणारी रक्कम. दुय्यम निबंधकाकडची सूची, तलाठ्याकडचे फेरफार आणि सातबाऱ्यावरची पीकपाहणी हे तिन्ही समोर ठेवलं की गहाण दिसू लागतं. दुष्काळाच्या सालांत अशा जोड्या वाढतात का, हे मोजता येतं.

तीन, माणसांचे शब्द टिपून घ्या. ‘विकली’, ‘नावावर करून दिली’, ‘अडकवली’, ‘सोडवली’ यातला फरक म्हातारी माणसं कधी चुकवत नाहीत. मुलाखतीत ‘कर्ज घेतलं होतं का?’ असं विचारलं तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील. ‘ती पट्टी कधी सोडवली?’ असं विचारून बघा.

चार, नावं जपा. गावात सावकाराची नातवंडं आणि कर्जदाराची नातवंडं एकाच वर्गात शिकलेली असतात. आमच्याही गावात तसंच आहे. थिसिसमध्ये आमचं घर फक्त एका क्रमांकाने येईल.

तो एक एकर अजून त्यांच्याच नावावर आहे. बाबांनी एकदा चौकशी केली होती. वकील म्हणाले, कागद पक्का आहे, साक्षीदार हयात नाहीत. त्या एका एकरासाठी मी रिसर्च करत नाही. पण कुणी सेमिनारमध्ये ‘रेकॉर्डमध्ये कर्ज दिसत नाही, म्हणजे सावकारी संपली होती’ असं म्हणालं की मला हात वर करावा लागतो.

तुमच्या घरच्या पेटीतही असे जोडीचे कागद असतील. एकदा बघा, आणि वाचताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. पुढच्या लेखात जुने फेरफार कसे मागायचे आणि मोडी नोंदी वाचायला कुठून सुरुवात करायची, ते सांगतो.